कुरबुरीला सोबत

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाला घरचे लोक मोठ्या दुःखांसाठी तयार करून पाठवतात. एकटं वाटेल, सणावारी जीव कासावीस होईल, इकडे कुणाचं बरंवाईट झालं तर वेळेत पोचता यायचं नाही. हे सगळं खरं असतं आणि त्याची धास्ती घेऊनच आपण विमानात बसतो. पण मोठी दुःखं काही रोज येत नाहीत. रोज वाजतो तो धुराचा अलार्म.

मी राहते स्टुटगार्टच्या पश्चिम भागात, चौथ्या मजल्यावर, एका खोलीत. लिफ्ट नाही. या राज्यात झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म असावा असा कायदा आहे, आणि माझी झोपायची खोली, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर हे सगळं एकच आहे. मोहरी तडतडून मागोमाग सुकी मिरची तेलात पडली की छतावरची ती पांढरी डबी किंचाळू लागते. खुर्चीवर चढून तिला गप्प करेपर्यंत फोडणी करपलेली असते. म्हणून आता मी आधी दोन्ही खिडक्या सताड उघडते, अंगात कोट चढवते आणि मग जानेवारीच्या थंडीत कुडकुडत वरणाला फोडणी देते. बघणाऱ्याला ते विनोदी दिसत असेल. मला त्या वेळी हसू येत नाही.

हे सांगायचं कुणाला? पुण्याच्या मैत्रिणी फोनवर हसतात, आणि हसण्याच्या तळाशी एक वाक्य असतं : जर्मनीत जाऊन बसलीस, आता तक्रार कसली करतेस? त्यांचंही चुकत नाही. लांबून ऐकताना माझी तक्रार तोऱ्यासारखी वाटत असणार. बरं, इथल्या लोकांना सांगावं, तर पाहुण्याने घराला नावं ठेवू नयेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. राहता राहिली आई. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि ते साडेचारांचं होतं. संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकून फोन लावला, तर तिच्याकडे रात्रीचे अकरा. झोपेला आलेल्या बाईला अलार्मच्या भानगडी काय सांगणार? ‘सगळं छान’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मोठ्या दुःखाला दोन्हीकडे मान आहे. बारक्या वैतागाला कुणी दारात उभं करत नाही.

मी ज्या शहरातून आले तिथे वैताग हा सार्वजनिक व्यवहार आहे. बसथांब्यावर शेजारच्या अनोळखी बाईने घड्याळाकडे बघून नुसतं ‘च्च’ केलं, की तेवढ्यावर संवाद सुरू होतो. बस येईपर्यंत महापालिका, मेट्रोची खोदाई, कोथिंबिरीचा भाव आणि जावेचा स्वभाव एवढं सगळं बोलून होतं. बस आली की दोघी दोन टोकांना. नाव कुणी कुणाला विचारलेलं नसतं, पण ऑफिसात पोचेपर्यंत डोकं शांत झालेलं असतं. ही सोय मला तिथे असताना कधी सोय वाटलीच नव्हती.

इथे आल्यावर पहिले काही आठवडे तर कागदांतच गेले. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि तात्पुरती खोली देणारे असं पत्र द्यायला नाखूष असतात. नोंदणी नाही म्हणून कराचा क्रमांक नाही, पगाराची चिठ्ठी नाही म्हणून कायमचं घर नाही. हे वर्तुळ कुठून तोडायचं ते प्रत्येकाचं प्रत्येकाला शोधावं लागतं. घर मिळालं तेव्हा त्यात ओटा नव्हता, दिवे नव्हते. छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. जाणारा भाडेकरू स्वयंपाकघर उचलून नेतो, ही इथली रीतच आहे. मग पत्रं सुरू झाली. इथे अजून सगळं टपालाने येतं आणि पेटीवर आपलं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. माझ्या नावाची पट्टी लागताच पहिलं आलं ते सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं : दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. माझ्याकडे तेव्हा खुर्चीसुद्धा नव्हती.

नोकरीत पहिले सहा महिने परीक्षेचे असतात. त्या काळात दोन आठवड्यांची सूचना देऊन, कारण न सांगता, मालक नोकराला किंवा नोकर मालकाला रामराम ठोकू शकतो. माझा इथला मुक्काम त्या नोकरीवर, त्यामुळे या सहा महिन्यांत तोंड बंद ठेवायचं असं मी ठरवलं होतं. माझ्या ओळखपत्राने इमारतीचं फाटक उघडायचं, पण आमच्या मजल्याचं काचेचं दार उघडायचं नाही. दुरुस्तीसाठी अर्ज गेला होता. तो कुठल्या तरी रांगेत होता. रोज सकाळी दाराशी उभं राहायचं आणि कुणी येईल त्याच्याकडे बघून ओशाळं हसायचं. तिथे उभी राहून मी माणसं चालण्यावरून ओळखायला शिकले. उंच, वाकून चालणारे टेस्टिंगवाले, सायकलचं हेल्मेट काखोटीला मारून येणारी हिशेबखात्यातली बाई. प्रत्येक जण दार उघडी, आत घेई आणि विचारी, ‘अजून झालं नाही?’ मी म्हणे, ‘होईल.’ पुण्यात असते तर पहिल्याच आठवड्यात त्या दाराने मला चार मैत्रिणी मिळवून दिल्या असत्या.

दुपारचं जेवण साडेअकराला. या भागातला खास पदार्थ म्हणजे स्पेट्झले नावाच्या आखूड शेवयांबरोबर शिजवलेली मसूर, वर सॉसेज. सॉसेज नको म्हटलं की वाढणारा काळजीच्या सुरात विचारतो, ‘मग काय खाणार?’ डाळीत व्हिनेगर असतं. आंबट चव चालेल हो, पण हिंग नाही, जिरं नाही, काहीच नाही. मी तेव्हा गुपचूप खात असे. इथले लोक ती इतक्या मायेने खातात की तिच्याबद्दल काही बोलणं म्हणजे कुणाच्या तरी आजीबद्दल बोलणं आहे.

पहिलं मोठं काम हातावेगळं केलं तेव्हा साहेबांनी पडद्यावर नजर फिरवली, ‘ठीक’ या अर्थाचा एक शब्द टाकला आणि ते कॉफी आणायला निघून गेले. (साहेब हे मी मनातल्या मनात म्हणते. प्रत्यक्षात त्यांना नावाने आणि एकेरीत हाक मारावी लागते. जीभ अजून अडखळते.) त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझा चेहरा पाहून इथल्या श्वाबियन लोकांची एक म्हण ऐकवली. अर्थ असा : बोलणी बसली नाहीत ना, मग कौतुक झालं की. तो गंभीरपणे सांगत होता आणि मी फस्सकन हसले. माझे वडील याच घराण्यातले. माझा दहावीचा निकाल बघून त्यांनी ‘बरं आहे’ म्हटलं होतं आणि पेपरचं पान उलटलं होतं.

तेव्हापासून मी या शहराकडे जरा निराळ्या नजरेनं बघू लागले. १९६८ पासून स्टुटगार्ट आणि मुंबई ही भगिनी शहरं आहेत. सोयरीक मुंबईशी झाली खरी, पण पत्रिका बघितली असती तर ती पुण्याशी जुळली असती. टेकड्यांच्या मध्ये वसलेलं, गाड्यांच्या कारखान्यांवर पोसलेलं, काटकसरीचा अभिमान बाळगणारं आणि हेगेलचा जन्म आमच्याकडे झाला हे विसरू न देणारं गाव. चाकणच्या कारखान्यांतून इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्याही काही कमी नाही. गावातून टेकड्यांवर चढणारे पायऱ्यांचे चारशेहून जास्त जिने आहेत. पूर्वी ते द्राक्षमळ्यांत जायच्या वाटा होत्या, आणि काही मळे अजून भर वस्तीत उभे आहेत. शनिवारी संध्याकाळी सगळं गाव पिशव्या घेऊन धावतं, कारण रविवारी दुकानं बंद. रविवारची विश्रांती इथल्या राज्यघटनेतच आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं कलम १९४९मध्ये तसंच उचलून घेतलंय. कोथिंबीर आणायची राहिली तर घटना आड येते. मग मी कार्ल्सहोहेच्या टेकडीवर जाते, वेलींच्या रांगांपाशी बसते आणि तळातलं गाव बघते. ऑक्टोबरात वेलींची पानं पिवळी होतात, खाली धुकं साचतं, धुक्यातून चर्चचे कळस वर येतात. फॉयरझे तळ्याकाठच्या चर्चला तेवढा कळस नाही. दुसऱ्या महायुद्धात तो पडला आणि आठवण म्हणून तसाच ठेवला आहे.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. पहिले कित्येक महिने आमचा संबंध एका लाकडी पाटीपुरता होता. केरवोख लिहिलेली ही पाटी ज्याच्या दाराला अडकवलेली, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा. मोठी पाळी आली की तळघर, अंगण आणि समोरचा फुटपाथही. ही प्रथा फार जुनी. दर आठवड्याला आपली घाण गावाबाहेर न्यावी असं फर्मान इथे १४९२मध्ये निघालं होतं. म्हणजे कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला त्या वर्षी स्टुटगार्टचे लोक केर काढत होते. भाडेकरारात अजूनही ते कलम असतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत जिना झाडायला बाई येतात आणि त्या नीट झाडतात की नाही यावर सभासद वार्षिक सभेत तासभर भांडतात. इथे भांडायलाच कुणी नाही. मी पुसून झालं की आजी दार किलकिलं करून कठड्याखालचा कोपरा बघत, मान हलवत आणि दार लावून घेत.

मग एका सकाळी फॉयरझेच्या भुयारी स्थानकावर त्या भेटल्या. मला बोब्लिंगनला ऑफिस गाठायचं होतं, त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं. फलकावर आधी दहा मिनिटं उशीर, मग वीस, मग गाडीच्या नावावर आडवी रेघ. जर्मन गाड्या वक्तशीर ही आपल्याकडची जुनी समजूत. २०२४मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हिशेबात धरतच नाहीत. त्यात या शहराच्या मुख्य स्थानकाचं काम २०१० पासून चालू आहे. सोळा फलाटांचं स्थानक मोडून जमिनीखाली आठ रुळांचं करायचं, २०१९मध्ये उघडायचं, असं ठरलं होतं. खर्च साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या पुढे गेला आणि प्रवासी अजून कुंपणाकुंपणाने वळसे घालताहेत.

आजींनी फलकाकडे बघितलं आणि घशातून एक आवाज काढला. तो ‘च्च’च होता. जर्मन होता, पण ‘च्च’ होता. आणि माझं इतक्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. ही गाडी रोज अशीच, परवा तर बोगद्यात अडकून पडलो, सूचना देतात त्या कुणाला ऐकू येतात का, आणि आमच्या ऑफिसचं ते दार! रागात माझं व्याकरण पार कोसळलं. आजी शांतपणे ऐकत होत्या. मध्येच त्यांनी थांबवलं. मला वाटलं, झालं, आता ही बाई म्हणणार, आवडत नसेल तर परत जा. त्या म्हणाल्या, ‘गाडी पुल्लिंगी आहे.’ आणि लगेच पुढे, ‘पण तुमचं बरोबर आहे. हे लोक कुणाचं ऐकत नाहीत. २०१०मध्ये आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, तेव्हाच सांगितलं होतं.’ पुढची गाडी येईपर्यंत स्थानक, नगरपालिका, डॉक्टरांच्या भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबायला लागतं ते, आणि त्यांच्या जावयाचा स्वभाव एवढं सगळं झालं. डब्यात त्या बसल्या आणि शेजारच्या जागेवरची स्वतःची पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

गाडी बोगद्यातून वर पठारावर निघते तिथे धुकं संपून एकदम ऊन लागतं. त्या दिवशी मला ऑफिसला पाऊण तास उशीर झाला होता आणि भूक सपाटून लागली होती.

परीक्षेचे सहा महिने पुढे केव्हातरी संपले. पत्र नाही, सही नाही, कुणी काही बोललं नाही. माझं ओळखपत्रही त्याच सुमारास काचेचं दार उघडू लागलं. का ते कळलं नाही. डाळीबद्दल मात्र मी आता बोलते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला डब्यातून फोडणीचं वरण चाखायला दिलं. त्याने दोन चमचे खाल्ले, विचार केला आणि म्हणाला, यात व्हिनेगर हवं होतं.

अलीकडे तिसऱ्या मजल्यावर पोर्तुगालहून एक तरुण राहायला आला आहे. सामानाची पुठ्ठ्याची खोकी चपटी न करता तशीच कागदाच्या डब्यात कोंबतो, मग झाकण बसत नाही. रविवारी दुपारी काचेच्या बाटल्या टाकायला निघाला होता; काचेच्या डब्यात रविवारी बाटल्या टाकायच्या नसतात, आवाज होतो. आजींनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, हो, मीही बघितलंय, आणि गेल्या आठवड्यात कठड्याखालचा कोपराही त्याने तसाच सोडला होता. कुणीतरी त्याला सांगायला हवं यावर आमचं एकमत आहे. कुणी, ते अजून ठरत नाही.