पैसे घेतले तर तसे लिहा!

मागच्या महिन्यात आपल्याच चळवळीतल्या एका नेत्याच्या माणसाचा फोन आला. "दादा, साहेबांचं विकिपीडियावर पान करा. पाच हजार देतो." घरभाडे थकले होते. लगेच नाही म्हणवले नाही.

मित्रांनो, विकिपीडियावर पैसे घेऊन लिहायला सरसकट बंदी नाही. पण २०१४ पासून विकिमीडियाच्या अटीनुसार पैसे कोणी दिले, कोणासाठी लिहिले, हे सदस्य पानावर, चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात जाहीर करावेच लागते. मी तेच सांगितले. शिवाय, त्रयस्थांनी छापलेले तेवढेच लिहीन, स्तुती नाही. पलीकडून उत्तर आले, "मग उपयोग काय?"

'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, हे आपण आजही अभिमानाने सांगतो. पैशात पाप नाही, लपवण्यात आहे. आणि विभूतिपूजेचा धोका तर बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतच सांगून ठेवला आहे.

आपला इतिहास इतरांनी गाळला, ही आपली तक्रार खरी आहे. म्हणूनच जपायला हवे. उद्या एखाद्या विस्मृतीत गेलेल्या सत्याग्रहीचे पान आपण लिहू, तेव्हा "ही यांची नेहमीची जाहिरातबाजी" म्हणून ते उडवले गेले, तर दोष कोणाचा?

पाच हजार गेले. भाडे अजून थकलेलेच आहे. पण माझ्या नावाने केलेल्या प्रत्येक संपादनाचा हिशेब मी देऊ शकतो. तुम्ही देऊ शकता का?

जय भीम!