दाभोळच्या वाटेवरचे मांडव

भर पावसाळ्यात दापोलीहून दाभोळकडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली, तर वाटेतली घरं जरूर पाहावीत. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं आणि घराच्या बगलेला आणखी एक हिरवं छप्पर. हा भाजीचा मांडव. कारली, शिराळी, पडवळ, काकडी, दुधी, सगळ्यांचा मुक्काम त्याच्यावर.

दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं जुनं बंदर. तिथली जुनी मशीद पाहायला लोक लांबून येतात. ती पाहून झाली की गल्ल्यांतूनही एक फेरी मारावी. मांडव कसा बांधतात, ते परसाच्या गडग्याबाहेरूनच दिसतं. बेचक्याचे खांब जमिनीत दीड-दोन फूट पुरलेले, त्यांवर आडवे बांबू, बांबूंवर वाळक्या फांद्या आणि सगळ्या सांध्यांना सुंभाच्या गाठी. उंची साधारण ६ फूट, म्हणजे घरातल्या बाईचा हात पोहोचेल इतकी. मांडव त्याहून बुटका झाला तर हवा खेळत नाही, आणि फार उंच झाला तर भाजी काढायला शिडी लागते.

या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वेल जमिनीवर पसरला, तर फळ चिखलाला टेकून कुजतं. मांडवावर फळं खाली लोंबतात, पानं ऊन घेतात आणि वाऱ्याने लवकर सुकतात. पडवळाच्या शेंड्याला छोटा दगड बांधतात, म्हणजे ते वाकडं न होता सरळ वाढतं. वेल मांडवाला पोहोचेपर्यंत बाजूचे फुटवे खुडतात, नाहीतर त्याचा जोर खालीच संपतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण तारा' कारलं आणि 'कोकण श्वेता' पडवळ या जातीही अशाच मांडवाखाली चांगल्या वाढतात.

संध्याकाळी हा मांडव वेगळाच दिसतो. कारल्याची फुलं सकाळी उमलतात, पण शिराळीची पिवळी आणि दुधीची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उघडतात. मगरिबची अजान होते, तेव्हा सगळा मांडव फुललेला असतो.

मात्र या मांडवाला एक हुरहूरही आहे. आमच्याकडची कितीतरी माणसं कुवेत, कतार, सौदीत नोकरीला. मे महिन्यात रजेवर आलेला मुलगा खांब पुरतो, बांबू बांधतो आणि मृगाच्या आधी परत जातो. भाजी लागते ऑगस्टमध्ये. म्हणजे मांडव बांधणारा ती खात नाही. त्याला दिसतो तो व्हिडिओ कॉलवर आईने फिरवून दाखवलेला मांडव. आणि ज्या घरात आईही उरलेली नाही, तिथे दाराला कुलूप आणि परसात नुसते खांब. कोणत्या घरात माणूस राहतं, हे विचारावं लागत नाही. मांडवच सांगतो.

कुरआनमध्ये सूरह अन्आमच्या १४१ व्या आयतीत मांडवावर चढवलेल्या आणि न चढवलेल्या, अशा दोन्ही बागांचा उल्लेख आहे. पीक हाती येईल त्या दिवशी त्याचा हक्क द्या आणि उधळपट्टी करू नका, असा हुकूमही त्याच आयतीत आहे. आमच्या गावांत ही शिकवण भाजीच्या टोपलीतून चालते. पहिली शिराळी शेजारी जातात, मग ते घर कोणाचंही असो. एका मांडवाला एकदम इतकी भाजी लागते, की एकट्या घराला ती संपवणं कठीणच. ज्या म्हातारीच्या घरी मांडव बांधायला कोणी नाही, तिच्या दाराशीही दोन पडवळं पोहोचतात.

मुंबई-मुंब्र्याच्या वाचकांना परस नसेल, पण गॅलरीत पाच-सहा तास ऊन येत असेल, तर मोठ्या कुंडीत एक कारलं लावून पाहा. मांडवाऐवजी ताटी करा, म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि मध्ये सुतळीची जाळी. गावचं घर बंद असेल, तर मे महिन्यात येताना शेजाऱ्याला विचारा, ‘आमच्या परसात तुम्ही मांडव घालता का?’ खांब तुमचे, मेहनत त्यांची आणि भाजी दोघांची. निदान परस तरी ओसाड राहणार नाही.