उतरताना

माझाच गुडघा कुरकुरायला लागल्यापासून पेशंटला उडी मारून दाखवणं मी बंद केलंय. आता आमची इंटर्न तोंडी सांगते: एका पायावर उभा राहा, जमेल तेवढी लांब उडी घे, त्याच पायावर उतर आणि मी म्हणेपर्यंत हलू नकोस. उडी दाखवणं ही खरं तर माझी मिरवायची जागा होती. कोट खुंटीला अडकवायचा, ओढणी कमरेला खोचायची आणि पन्नाशीच्या बाईने आवाज न करता मॅटवर उतरायचं! कबड्डीची दांडगी पोरं ‘भारी, मॅडम’ म्हणायची, आणि मी ते ऐकायला थांबायचे.

दाखवणं थांबलं तसं एक लक्षात आलं. पोरं आता माझ्यासारखी उतरत नाहीत, आपापल्यासारखी उतरतात. कुणी काठीसारखा ताठ, कुणी धडापासून पुढे वाकलेला, कुणाची गुडघ्याची वाटी अंगठ्याच्या आत झुकलेली. तेव्हापासून माझी नजर टेपवर कमी आणि उतरण्यावर जास्त असते.

नॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली चार हॉप टेस्ट मांडल्या: एकेरी, तिहेरी, १५ सेंटिमीटरच्या पट्टीवरून आडवीतिडवी आणि ६ मीटरची घड्याळ लावून. त्यांनी ८५ टक्क्यांवर समाधान मानलं होतं, आता बहुतेक जण ९० मागतात. ऑपरेशनच्या पायाला चांगल्या पायाने भागायचं की झालं. पण या भागाकारात गुडघा सापडतच नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. निरोगी माणसांवर झालेल्या एका मोजणीत पुढच्या उडीचा जवळजवळ सगळा रेटा खुब्याने आणि घोट्याने दिला. गुडघ्याचा वाटा जेमतेम आठवा. उतरताना मात्र कामाचा दोन तृतीयांश भार गुडघ्यावर. म्हणजे टेप मोजते ती गुडघ्याची सुट्टी, आणि तो कामावर येतो तेव्हा टेप गुंडाळून झालेली असते.

परवा कबड्डीतला एक डावा कोपरारक्षक आला होता. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं ऑपरेशन, एकेरी उडी ९४ टक्के. मी खाली बसून पुन्हा मारायला लावली. चवडा टेकला, टाच टेकली, आणि गुडघा वाकायच्या जागी कंबर वाकली. छाती मांडीवर आली, बोटांनी मॅट घट्ट धरली, हात पंख्यासारखे फिरले. पाय जागचा हलला नाही, म्हणजे नियमाने उडी ग्राह्य. पण टाच किंचित फिरली होती. ती धरायची का? दोन सेकंद स्थिर हवं की तीन? हात मोकळे सोडले तर तो हातांनी तोल सावरतो, कमरेवर ठेवायला लावले तर मैदानावर असा कोण उडतो? या प्रश्नांवर इंटर्नशी माझे वाद होतात. ती मोबाइलवर स्लो मोशन काढून मला हरवतेही.

भर म्हणजे चांगला पायही काही चांगला राहिलेला नसतो. महिनोन्‌महिने बसून तोही ढिला पडतो, आणि भागाकार उगाच सुंदर दिसतो. म्हणून हल्ली ऑपरेशनआधीच चांगल्या पायाची उडी मोजून केसपेपरच्या मागे लिहून ठेवते.

जवळच एका मॉलमध्ये उतरण्याचा जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेटचं क्लिनिक निघालंय. तिथून रंगीत आलेख येतात. हिरवा रंग आला की पोरगा मैदानात. हेवा वाटतो, नाही म्हणत नाही. प्लेट परवडली असती तर मीही आलेख भिंतीवर लावले असते. राग येतो तो ‘सहा महिने झाले, खेळू दे’ म्हणणाऱ्यांचा. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने घटलेलं दिसलं. हे मी प्रशिक्षकांना फोनवर सांगते. ते म्हणतात, ‘मॅडम, स्पर्धा आठव्या महिन्यात आहे.’

शिवाय आमच्या टेस्टमध्ये पोराला कुठे उतरायचं ते आधीच ठाऊक असतं. समोर पांढरी पट्टी, बाजूला शांतता. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेवरून कुठे वळेल ते कुणाला माहीत? त्यापेक्षा शाळेतली लंगडी कडक परीक्षा. पळणारा वळला की लंगडी घालणाऱ्याला त्याच पायावर, त्याच क्षणी वळायला लागतं. आताच्या शाळांत ती फारशी दिसत नाही. अकादमीत गेलेल्या पोरांनाही मी विचारते, निम्म्यांनी कधी घातलेली नसते.

म्हणून चारही टेस्ट झाल्या की मी इंटर्नला कॉरिडॉरमध्ये पळवते आणि पोराला तिच्यामागे लंगडी घालायला लावते. कोपरारक्षकाने तिला तिसऱ्या वळणावर सोडलं आणि दुसरा पाय टेकला. ९४ टक्केवाला! मी त्याला अजून सहा आठवडे दिले. तो म्हणाला, ‘पण मॅडम, मी पास झालो ना?’

त्याच्या फाइलवर काय लिहायचं हा वेगळाच घोळ. लंगडीला टक्के नाहीत. ‘वळताना पाय टेकला’ असं लिहिलं तर सर्जन हसतात, आणि विम्याच्या कागदावर तर त्यासाठी रकानाच नाही. शेवटी मी ९४ लिहिलं आणि खाली, बारीक अक्षरात, बाकीचं.