दोरीची जागा

बोधचिन्हाला स्वतःचं माप नसतं. भिंतीवर रंगवलं तर ते दहा फुटांचं होतं, पत्राच्या कोपऱ्यात छापलं तर बोटाच्या पेराएवढं. नगरमध्ये खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्या मंडळींनी आपल्या क्लबसाठी चिन्ह मागितलं, तेव्हा पहिली अडचण हीच आली. गाडी काढावी तर ती खरीच वाटते. खाली नाव नसेल तर गॅरेजचं चिन्ह म्हणून खपेल, नाहीतर ड्रायव्हिंग स्कूलचं. तिचं छोटेपण कागदावर उतरतच नाही.

आणि या माणसांचं सगळं प्रेम तर त्या छोटेपणावर आहे. एकास चौसष्ट हे त्यांचं लाडकं प्रमाण. सव्वाचार मीटरहून थोडी लांब असलेली अॅम्बॅसिडर त्या मापात पावणेसात सेंटीमीटरची होते, तळहातावर मावते. रविवारी सकाळी सावेडीत एकाच्या गच्चीवर ही मंडळी जमतात. गाडी हातात आली की आधी उलटी करून तिचं पोट वाचतात, कारण साचा कुणाचा आणि गाडी कुठे बनली हे तिथे कोरलेलं असतं. ‘डिंकी’ नावाच्या खेळण्यातल्या गाड्यांचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथून ‘निकी’ नावाने गाड्या निघाल्या, ही हकीकत मला तिथेच कळली. एकाकडे ब्लो प्लास्ट कंपनीच्या काळातली लिओ मॅटेलची गाडी आहे. तिचा रंग उडालाय, पण तो पुन्हा लावायचा विचारही त्यांच्या मनात येत नाही. लहान मुलाच्या हातून उडालेला रंग त्यांना गाडीचाच भाग वाटतो. ही गोष्ट मला फार आवडली.

माझ्या लहानपणी विकतची गाडी नव्हती. प्रवरेच्या काठचं गाव. ज्वारी निघाली की धाटं सोलून आतला मऊ गाभा काढायचा, बाभळीच्या काट्यांनी तुकडे जोडायचे आणि बैलगाडी करायची. चाकं जुन्या स्लिपरच्या रबराची, ब्लेडने गोल कापलेली. पुढे तारेच्या गाड्या आल्या. लांब काठीला वर स्टिअरिंग, ते वळवलं की खाली चाकं वळायची. त्या गाड्यांना काही दिवसांचंच आयुष्य असायचं. गाभा वाळून चुरा व्हायचा. पण दोरी बांधून त्या ओढत नेताना मागे धुळीत उमटणाऱ्या दोन रेघा मला अजून आठवतात. चित्रकलेची गोडी मला त्या रेघांनी लावली असं मी मानतो.

शाळा संपल्यावर नगरला पेंटरकडे राहिलो. ट्रकच्या मागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’, बाजूला कमळं, समोर मालकाच्या मुलांची नावं. उस्ताद अक्षर पुरं झालं की म्हणायचे, “जा, रस्ता ओलांड आणि पलीकडून बघ.” पलीकडून जे दिसत नाही ते काढायचं नाही, हा त्यांचा नियम. आज मी कॉम्प्युटरवर काम करतो, तरी प्रत्येक चिन्ह आधी नखाएवढं करून बघतो. रस्ता ओलांडणं तेच.

क्लबमध्ये प्रत्येकाच्या मनात वेगळी गाडी होती. भिंगारला राहणाऱ्या निवृत्त सुभेदारसाहेबांना रणगाडा हवा होता. त्यात चूक काही नाही. १९९४ साली उघडलेलं इथलं रणगाडा संग्रहालय नगरची ओळखच आहे, आणि तिथली रोल्स रॉइसची चिलखती गाडी बघून कुणाचंही पोरपण जागं होतं. एका मास्तरांचा आग्रह एसटीचा. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली बस पुण्याहून निघाली ती नगरलाच आली. बेडफर्डची ती गाडी नगरकरांनी विसरावी कशी, असं ते म्हणाले. तरुण पोरांना मात्र ज्वाळा हव्या होत्या, हॉट व्हील्ससारख्या.

त्या पोरांमुळे मी जुनी चिन्हं नीट पाहिली, आणि एक गोष्ट लक्षात आली. खेळण्यातल्या गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांच्या चिन्हांत गाडी नसतेच. १९५६ साली आलेल्या कॉर्गीच्या चिन्हात कुत्रा आहे. १९६८च्या हॉट व्हील्सला नुसती ज्वाळा, आणि ती त्यांना शोभते, कारण बारीक तारेचे आस आणि कमी घर्षणाची चाकं लावून त्यांनी गाडी खरोखरच सुसाट पळवली. सगळ्यांत हुशार मॅचबॉक्स. ती घडवणाऱ्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्याने तिच्यासाठी पितळेचा चिमुकला रोड रोलर केला. त्यातून १९५३ साली काडेपेटीसारख्या खोक्यांतल्या गाड्या बाजारात आल्या. काडेपेटी केवढी असते हे जगात कुणाला सांगावं लागत नाही. माप त्यांनी नावातच बांधून टाकलं.

मला तसं माप हवं होतं, पण आपल्या मातीतलं. मग दायमाबाद आठवलं.

१९७४ साली तिथे, प्रवरेच्या डाव्या तीरावर, झाडाचं मूळ खणताना छबू लक्ष्मण भिल यांना ब्राँझची चार शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ. रथ ४५ सेंटीमीटर लांब, त्यात उभा माणूस, आणि त्याच्या पुढ्यात दांडीवर चक्क एक कुत्रा. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. उत्खनन करणारे एस. ए. साळी यांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी त्या काळाबद्दल शंका घेतली. ही शिल्पं खेळणी होती असं मी म्हणणार नाही. एवढं जड ब्राँझ पोराच्या हाती कोण देईल? लोक ती मिरवणुकीत ओढत असावेत असं अभ्यासकांना वाटतं. मला खिळवून ठेवलं ते रेड्याने. चार पायांचा धडधाकट प्राणी, आणि तो चाकांवर उभा! ज्याला स्वतःचे पाय आहेत त्याला चाकं लावायची, ती कुणीतरी ओढावं म्हणूनच. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल असेच चाकांवर ओढत नेतात.

तिथे माझा प्रश्न सुटला. खऱ्या गाडीला इंजिन असतं, खेळण्यातल्या गाडीला कुणाचा तरी हात लागतो. तेव्हा हात दाखवायचा, किंवा दोरी.

मी वर्तुळात एक साधी गाडी काढली, कुठल्याही कंपनीची नसलेली. चाकं अंगाच्या मानाने मोठी ठेवली, कारण खेळण्यात ती तशीच असतात, आणि दोन्ही आस ठळक ठिपक्यांनी दाखवले. पुढच्या बंपरला दोरी. ती वर्तुळ तोडून तिरकी वर जाते आणि तिथेच संपते. हात काढला नाही. तरुणांपैकी एकाने विचारलं, “दादा, ओढणारा कुठंय?” मी कागदी बिल्ला कापून त्याच्या शर्टाला लावला. दोरी त्याच्या खांद्याकडे निघाली होती. ज्वाळांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

रंग एकच, विटकरी. रबरी शिक्क्यात बारीक रेघ तुटते म्हणून दोरी थोडी जाड केली. टोपीवरच्या भरतकामासाठी तिचं वळण सोपं केलं. मास्तरांची एसटी सभासद-पत्राच्या पाठीमागे येतेय, दोरीसकट. सुभेदारसाहेबांनी चिन्ह बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, “छान आहे. आता माझ्या रणगाड्यालाही एक दोरी लावून द्या.” क्लबच्या प्रदर्शनाच्या तिकिटासाठी तोच करायला घेतलाय. पट्ट्यांच्या रणगाड्याला दोरी नेमकी कुठे बांधायची, ते ठरवायला पुढच्या रविवारी आम्ही दोघं संग्रहालयात जाणार आहोत.