मिस्सानंतरची सूचना

रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचना आम्ही आजवर अर्ध्या कानानेच ऐकत आलो. गेल्या वर्षी मात्र आशागडजवळच्या एका पाड्यावरील मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला आणि आम्ही खडबडून जागे झालो. महाविद्यालयाने सूचना फलकावर लावली होती, मोबाईलवरही धाडली होती. पण ती इंग्रजीत, आणि पाड्यावर रेंज मिळते ती टेकाडावर चढल्यावरच! अर्ज ‘महाडीबीटी’वर भरायचा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला जोडायचा, बँकेचे खाते ‘आधार’शी जुळलेले हवे. एक कागद उणा पडला की डहाणूची आणखी एक खेप, म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडाली.

जवळच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, गुरांमागे जाणारी मुले शाळेत येईनात तेव्हा, शाळाच कुरणात नेली होती. आमच्या हातून एवढे मोठे काय होणार? आम्ही फादरांना विनंती केली. आता विवाहसूचनांच्या पाठोपाठ महाविद्यालयाच्या सूचनाही मराठीतून वाचल्या जातात, मग वारलीतून.

त्या मुलीची वर्षाची रक्कम गेली ती गेलीच. यंदा सूचना तीच वाचते. जरा भरभर वाचते, एवढेच.