शोधनकाशा

2008 सालच्या दिवाळीत भिलाईच्या सेक्टर 10 मधील त्या क्वार्टरमध्ये सामानाची बांधाबांध चालली होती. वडील नोव्हेंबरअखेर पोलाद कारखान्यातून निवृत्त व्हायचे होते. मग क्वार्टर सोडून नागपूर गाठायचे. खोक्यांच्या गर्दीत, जेवणाच्या टेबलावर, त्यांची मुलगी ताऱ्यांचे शोधनकाशे तयार करीत बसली होती. बाहेरचे आकाश कारखान्याच्या उजेडाने तांबूस झालेले. त्यात मोजकेच तारे उरलेले. तिला हवा असलेला तारा तर नुसत्या डोळ्यांना कोठूनच दिसणारा नव्हता.

जुन्नरजवळच्या गिरवली येथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर तिला डिसेंबरमधली एक रात्र मिळाली होती. एका मंद श्वेत बटूचा वर्णपट घ्यायचा होता. प्रकाश ज्या फटीतून आत घ्यायचा तिची रुंदी आकाशात जेमतेम दीड-दोन विकला. तीत नेमका तोच तारा बसला पाहिजे. त्यासाठी हा नकाशा : पांढऱ्या कागदावर काळे ठिपके, कोपऱ्यात मोजपट्टी, इष्ट ताऱ्याशेजारी दोन लहान रेघा. उत्तर वर, पण पूर्व डावीकडे. कारण जमीन वरून पाहायची असते आणि आकाश खालून.

मागच्या हंगामात दुसऱ्या एका दुर्बिणीवर तिने असाच नकाशा नेला होता. पालोमार वेधशाळेच्या आकाशसर्वेक्षणातील 1953 सालच्या काचेवरून तो केला होता. तारा मात्र दरवर्षी अर्धी विकला सरकत होता. पंचावन्न वर्षांत तो सत्तावीस विकला दूर गेला होता. हे लक्षात घ्यायचे तिच्याकडून राहून गेले. जुन्या जागेला लागून एक दुसरा तारा होता, तोच फटीत आला. दोन तासांनी उमटलेला वर्णपट अगदी स्वच्छ होता. फक्त तो एका सामान्य पिवळ्या ताऱ्याचा होता.

हे तिने घरी प्रथमच सांगितले. वडील हसले नाहीत. त्यांचा जन्म कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेला होता. पोलादाच्या नमुन्यावर ठिणगी पाडायची, तिच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा आणि कार्बन किती, मँगनीज किती, गंधक किती ते सांगायचे, हे त्यांचे रोजचे काम.

"यंत्र खोटं बोलत नाही, बेटा," ते म्हणाले. "पण नमुना कोणत्या हीटचा, ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून आम्ही आधी नंबर वाचायचो, मग ठिणगी."

तिने नकाशावरील रेघा खोडल्या, ताऱ्याची आजची जागा मोजून नव्या ओढल्या आणि खाली लिहिले : 'स्थान, डिसेंबर 2008'.

वडील टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांना नव्या पत्त्याची कार्डे लिहीत होते. लिहून झालेला गठ्ठा त्यांनी तपासायला तिच्याकडे दिला. एका कार्डावर, नव्या पत्त्यावर कधीपासून लिहायचे, ती तारीख राहिली होती. तिने ते मुकाट्याने त्यांच्यापुढे सरकवले.