ओढ वाढली, आता बाण जुळवा

खांदा खाली बसला, कोपर बाणाच्या रेषेत आलं आणि पाठीनं काम हाती घेतलं की धनुष्य आपसूक जास्त उघडतं. 27 इंचांवर अडणारी ओढ 28 वर जाते. तिरंदाजाला याहून मोठा आनंद नाही. पण त्याच सुमारास उजव्या हातानं ओढणाऱ्याचे बाण उजवीकडे सरकू लागतात. मग माणूस नेम बदलतो, पकड बदलतो आणि कमावलेली ओढ पुन्हा आखडती घेतो. एवढं मात्र करू नये. बदलायचा तो बाण.

पारंपरिक धनुष्यावर लिहिलेले पौंड सहसा 28 इंचांच्या ओढीचे असतात. ओढ एका इंचानं वाढली की साधारण दोन-तीन पौंड वाढतात. दोरी सुटताच बाण लवतो आणि धनुष्याला वळसा घालून निघतो. क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930च्या दशकात अतिवेगवान चित्रीकरणातून ते दाखवून दिलं. जोर वाढला की तोच बाण जास्त लवतो, म्हणजे मऊ वागतो.

नवी ओढ अंगवळणी पडेपर्यंत मी जुळवाजुळवीला हात लावत नाही. दमल्यावर आखडणाऱ्या ओढीवर काय जुळवणार? लगेच बघायची गोष्ट एकच: पूर्ण ओढीला बाणाचं टोक धनुष्याच्या पुढे राहतंय ना. ते आत आलं तर बाण शेल्फवरून घसरून हातात घुसू शकतो. असे बाण तिथेच बाजूला काढायचे.

मग पिसांचे काही बाण आणि त्यांच्या जोडीला बिनपिसांचे. पिसं दोष झाकतात, उघडा बाण तो दाखवतो. आधी वर-खाली बघून दोरीवरची नॉकची जागा पक्की करायची, नंतर डावं-उजवं. उघडा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे लागला तर मऊ. मात्र कडक बाणही कधी धनुष्यावर आपटून उजवीकडे फेकला जातो आणि मऊ असल्याचा भास होतो. म्हणून मी शेल्फच्या बाजूच्या चामड्याला टाल्कम पावडर लावतो. सोडलेल्या बाणाच्या शेपटाकडे, नॉकजवळ, पांढरा फराटा दिसला की समजायचं, आपटतोय.

बाण खरंच मऊ असेल तर आधी टोक हलकं करावं: 125 ग्रेनऐवजी 100. जुनं टोक काढताना ज्योत धातूवर धरायची, लाकडावर नाही. गोंद वितळला की टोक पकडीनं फिरवून निघतं. शाफ्ट कापला तरी बाण कडक होतो, पण ओढ वाढल्यामुळे कापायला लांबीच उरलेली नसते. पाव इंच कापायचं तरी सीडरच्या शाफ्टला 5 अंशांचा उतार पुन्हा तासावा लागतो, पेन्सिलीला टोक करतात तसा. ते काम मला प्रिय आहे, लाकडाच्या वासासाठीही. तरी इथे मी नवे शाफ्टच निवडतो. 26 इंचांवरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मध्ये दोन पौंडांचं वजन टांगायचं. 0.52 इंच वाकला तर तो 50 पौंडांचा. जुन्यापेक्षा पाच पौंड कडक घ्यावा आणि थोडा लांबच ठेवावा.

जुने बाण मोडीत काढू नयेत. तसंच धनुष्य 27 इंचांवर ओढणाऱ्या कुणाला ते द्यावेत.